लोणारची काच

वऱ्हाडातील मुसलमानांचा इतिहास म्हटला की आम्ही नरनाळा, गाविलगड आणि अचलपूरच्या इमादशाहीपाशी थांबतो. इल्माचाही एक इतिहास या मातीत आहे. अमरावती-अकोल्याच्या उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो मुलांपुढे ठेवावासा वाटतो.

१५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आला. अबुल फजलच्या फारसी 'आईन-ए-अकबरी'त या सुभ्याच्या वर्णनात लोणारही आहे. ते हिंदूंचे तीर्थ असल्याची नोंद त्याने आदराने केली. येथे काच व साबण बनवण्याचे साहित्य मिळते, हेही लिहिले. मात्र हा प्रचंड खड्डा झाला कसा, हा प्रश्न त्या नोंदीत नाही.

पुढे तो प्रश्न विचारला गेला. भोवतालचा काळा खडक ज्वालामुखीचा, तेव्हा विवरही ज्वालामुखीचेच, असे अनेक विद्वान मानत. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकन संशोधकांनी पुरावा मांडला, तोही काचेचाच! तळाखालच्या खडकातील खनिजाचे प्रचंड आघाताने काचेसारखे रूप झाले होते. ज्वालामुखी असे करू शकत नाही. उल्केची धडकच करू शकते.

वयाचा अंदाजही बदलला. आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानत. २०११ च्या संशोधनाने ते ५ लाख ७० हजारांवर नेले.

मत बदलले म्हणून विज्ञान लटके ठरत नाही. पुराव्यापुढे मोठ्या विद्वानानेही मान तुकवावी, हीच तर तहकीक. अबुल फजलची नोंद आमचा वारसा आहेच. तिच्यात न विचारलेला प्रश्न विचारण्याची हिंमतही आमच्या मुलांचा वारसा व्हावी.