झाकण काढलंस का?

रेडिओवर फोटोंबद्दल बोलणं म्हणजे टेलिफोनवरून जेवायला वाढण्यासारखं आहे. पण मी जे सांगणार आहे त्यातले छत्तीस फोटो तसेही कुणालाच दाखवता येणार नाहीत, त्यामुळे बिघडत नाही.

माझ्या मामांकडे एक रशियन कॅमेरा होता. झॉर्की-४. हातात घेतला की वजनदार वजनासारखा लागायचा. १९७८ साली वाईला आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा मामा स्वतः होमाला बसणार होते, म्हणून त्यांनी तो माझ्या हवाली केला. आधी चावी फिरव, मग वेग लाव. अंतर जुळव. श्वास रोखून खटका दाब. सगळं सांगितलं. मी दिवसभर आजीच्या मागेपुढे नाचलो. दुसऱ्या दिवशी मोरीत अंधार करून मामांनी रोल धुतला. फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, काचेसारखी. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं. ते मामांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या मते ती सांगायची गोष्टच नव्हती.

आता कुणी विचारेल, झाकण लावलेलं असताना तुला दिसत कसं होतं? तीच तर या कॅमेऱ्याची गंमत आहे. रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. शेजारच्या लहान खिडकीतून पाहतो. दुसऱ्या एका खिडकीतलं प्रतिबिंब आरशावरून येऊन पहिल्या प्रतिमेवर पडतं. माणसाला दोन नाकं दिसतात. भिंगाची कडी फिरवत गेलं की नाकावर नाक येतं आणि अंतर जुळतं. तोफखान्यात निशाण्याचं अंतर मोजायला हीच युक्ती वापरत. पुढे जे एसएलआर कॅमेरे घरोघर आले, त्यांत भिंगातून येणारा प्रकाश आरसा डोळ्यापर्यंत पोचवतो. खटका दाबताच तो आरसा वर उडतो, 'खटाक्' आवाज होतो आणि नेमक्या त्या क्षणी पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. रेंजफाइंडरमध्ये उडणारा आरसा नाही. आवाज अगदी थोडा. आणि फोटो निघत असतानाही समोरचं माणूस दिसत राहतं.

या छोट्या कॅमेऱ्यांचा मूळपुरुष म्हणजे जर्मनीतला लायका. वेट्झलर गावात लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे कारागीर होते. त्यांना दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणं त्यांना झेपेना. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, ती आडवी धरली, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली आणि १९१४ च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. मध्ये महायुद्ध आलं. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका बाजारात उतरला, आणि १९३२ च्या नमुन्यात अंतर जुळवण्याची सोय भिंगाला जोडलेली आली. मामांचा झॉर्की याच घराण्यातला, रशियात वाढलेला चुलत भाऊ.

त्याच १९३२ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणाच्या हाती लायका पडला. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. फ्लॅशचा त्याला तिटकारा होता.

३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला भवनात दुपारी तो गांधीजींना भेटला. आपल्या चित्रांच्या प्रदर्शनाचं पुस्तक त्याने त्यांना दाखवलं. पानं उलटताना गांधीजी एका फोटोपाशी थांबले, त्यात एक वृद्ध कवी शववाहिनीकडे पाहत उभा होता. याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. कार्तिए-ब्रेसाँ निघून गेला, आणि संध्याकाळी प्रार्थनेला जाताना गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो धावत परत आला.

त्या रात्री मार्गारेट बोर्क-व्हाइटही तिथे पोचल्या होत्या. १९४६ मध्ये चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचं जगप्रसिद्ध छायाचित्र टिपणाऱ्या त्याच. मोठ्या हिंमतीच्या बाई. पार्थिव ठेवलेल्या खोलीत त्यांनी फ्लॅश उडवला. शोकात बसलेली माणसं संतापली, त्यांची फिल्म उजेडात धरून निकामी करण्यात आली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. पण प्रश्न हत्याराचा होता. विजेसारखा लखलखाट करून कुणाच्या दुःखात शिरता येत नाही.

कार्तिए-ब्रेसाँने फाटकावर उभं राहून लोकांना बातमी सांगणारे नेहरू टिपले, दिव्याच्या मिळेल तेवढ्या उजेडात. चित्र पुसट आहे. परीक्षेला दिलं तर नापास होईल. त्या काळची रंगीत फिल्म इतक्या कमी उजेडात उपयोगाचीच नव्हती. कृष्णधवल होती म्हणून निदान एवढं तरी आपल्या हाती आलं.

लायका कंपनीने २०१२ मध्ये फक्त कृष्णधवल फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा काढला. किंमत विचारू नका. इतके पैसे मोजून लोक रंग काढून टाकतात, याचं मामांना फार हसू आलं असतं. त्यांनी कृष्णधवल निवडलं नव्हतं. ते मोरीत धुता यायचं, एवढंच त्यांचं कारण.

तर, कोऱ्या रोलचं मामा मला काही बोलले नाहीत. मी रडत बसलो तेव्हा आजीच म्हणाली, "अरे, मी कुठे गेलेय का? इथंच तर आहे."

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा वाईला होतो. एका सकाळी आजी स्वयंपाकघरात खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. मामा दाराशी उकिडवे बसले. भिंग पूर्ण उघडलं, वेग तीसला लावला. खटका वाजला तो मला ऐकू आला, आजीला नाही. आणि मग माझ्याकडे न पाहता मामांनी हळूच विचारलं, "झाकण काढलंस का?" झाकण त्यांच्याच खिशात होतं.

पुढच्या वर्षी आजी गेली. आमच्या घरातले नंतरच्या लग्नांचे रंगीत फोटो आता तांबूस पडलेत, नवरी ओळखू येत नाही. आजीचा फोटो जसाच्या तसा आहे. तांदळावरून फिरणारा हात थोडा हललाय, बांगड्यांची रेघ झालीय. डाव्या कडेला, चौकटीच्या अगदी काठावर, कुणाचा तरी गुडघा आलाय. माझा. छापताना मामांनी तो कापला नाही.