स्थावर संपदा अभिकर्ता (महाराष्ट्र)

स्थावर संपदा अभिकर्ता म्हणजे जमीन, सदनिका किंवा इमारत विकणारा व घेणारा यांना मोबदला घेऊन एकत्र आणणारी व्यक्ती वा संस्था. बोलीभाषेत त्यास दलाल, एजंट किंवा ब्रोकर म्हणतात. महाराष्ट्रात अभिकर्त्यांची नोंदणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) करते. मात्र घरांच्या सर्वच व्यवहारांना ही नोंदणी लागू होत नाही.

नोंदणी व कर्तव्ये

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घराचा व्यवहार नोंदणी नसलेल्या अभिकर्त्यास करून देता येत नाही. अभिकर्त्याने हिशेब ठेवावेत, दिशाभूल करणारी माहिती देऊ नये आणि ग्राहकास हक्काची कागदपत्रे मिळवून द्यावीत, असे कलम १० सांगते. उल्लंघनास दररोज १०,००० रुपये व एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने पुढे अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली.

अभिकर्ता कोणाचा?

नव्या प्रकल्पात दलाली सहसा विकासक देतो. त्यामुळे ग्राहकास ही सेवा फुकट वाटते, परंतु अभिकर्त्याची मिळकत विक्री होण्यावरच अवलंबून असते. पुनर्विक्रीत तोच अभिकर्ता अनेकदा दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१६ मधील उदाहरण घराचेच आहे: 'ते घर मिळणार नाही' असे सांगून अभिकर्त्याने ते स्वतःसाठी घेतले, तर त्याने दिलेल्या किमतीतच ते आपणास विकण्यास प्रकर्ता त्यास भाग पाडू शकतो. हे संरक्षण मिळण्यासाठी तो आपला अभिकर्ता होता हे ग्राहकास दाखवावे लागते. व्यवहारात मात्र अशी नेमणूक बहुधा तोंडीच होते.

पुनर्विक्री

रेरापूर्वी पूर्ण झालेल्या इमारतींमधील सदनिकांना प्रकल्प-नोंदणी नसते. तेथे मालकी हक्काचा शोध अहवाल, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भाग प्रमाणपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला यांची पडताळणी ग्राहकाने, शक्यतो स्वतः नेमलेल्या वकिलामार्फत, करावी लागते. अभिकर्त्याने दाखवलेली छायाप्रत याला पर्याय नाही. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. रेराची ही मर्यादा पुनर्विक्रीतील इसाराला लागू नाही. म्हणून इसाराची रक्कम विक्रेत्याच्याच खात्यात धनादेशाने भरून, व्यवहार मोडल्यास ती परत मिळण्याची अट इसारपावतीत लिहून घेतली जाते.