विमानतळावरील सीमाशुल्क क्षेत्र आणि कॅमेरा-भ्रमणध्वनीबंदी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

परदेशातून भारतात उतरणारा प्रवासी पारपत्र तपासणीची रांग ओलांडून सामानाच्या पट्ट्यापाशी येतो आणि तेथून लाल किंवा हिरव्या मार्गाने बाहेर पडतो. बोलीभाषेत ज्याला 'कस्टम' म्हणतात ते सीमाशुल्क क्षेत्र हेच होय. या क्षेत्रात छायाचित्रे घेण्यास आणि भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई असल्याचे फलक प्रवाशांच्या परिचयाचे आहेत. प्रवासी सहसा त्यांचे कारण विचारत नाही. नियम आहे तो कायद्यात असणारच, असे तो गृहीत धरतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हे गृहीत तपासून पाहावे लागते. ही बंदी कोणत्या काळात, कोणत्या भयापोटी जन्मली? मूळ हेतू आणि आजचा हेतू एकच आहे काय? आणि ज्या कायद्याने सीमाशुल्क क्षेत्र निर्माण झाले, त्या कायद्यात तिचा आधार कितपत सापडतो? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. लष्करी गुप्ततेसाठी जन्मलेली बंदी तस्करी रोखण्याच्या कामी लावली गेली, परंतु या बदललेल्या हेतूला अनुरूप असा स्पष्ट कायदा भारतात झाला नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

छायाचित्रणबंदीचा उगम :

विमान आणि कॅमेरा यांची सांगड पहिल्या महायुद्धात पडली. शत्रूच्या खंदकांची व तोफांच्या ठाण्यांची आकाशातून घेतलेली छायाचित्रे युद्धाची दिशा ठरवू लागली, तेव्हा कॅमेऱ्याकडे शस्त्र म्हणूनच पाहिले जाऊ लागले. १९१९ च्या पॅरिस येथील हवाई वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या २७ व्या अनुच्छेदाने प्रत्येक राष्ट्राला विमानातून छायाचित्रणाची उपकरणे नेण्यावर किंवा ती वापरण्यावर बंदी वा नियंत्रण घालण्याची मुभा दिली. पुढे १९४४ च्या शिकागो कराराच्या ३६ व्या अनुच्छेदात हाच अधिकार कायम राहिला, मात्र त्यात उपकरण 'नेण्याचा' उल्लेख उरला नाही, केवळ 'वापराचा' राहिला. सामान्य प्रवाशाच्या गळ्यात कॅमेरा असणे तोवर नवलाचे राहिले नव्हते.

भारतात या विचाराला दोन कायद्यांनी रूप दिले. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर झालेल्या शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मध्ये 'निषिद्ध स्थान' ही संकल्पना आली. या अधिनियमात 'रेखाचित्र' या संज्ञेत छायाचित्राचा आणि 'छायाचित्र' या संज्ञेत न धुतलेल्या फिल्मचाही समावेश केलेला आहे. त्यानंतर विमान अधिनियम, १९३४ खाली विमान नियम, १९३७ तयार झाले. त्यांतील १३ व्या नियमाने सरकारी विमानतळावर तसेच उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास मनाई केली. भारतातील विमानतळांवरील छायाचित्रणबंदीचे मूळ या नियमात आहे. त्यात सीमाशुल्काचा विचार नव्हता. धावपट्टी, विमाने आणि आकाशातून दिसणारी भूमी शत्रूच्या दृष्टीपासून झाकणे हा त्याचा रोख होता.

महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांत या लष्करी वारशाचा प्रत्यय आजही येतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ असून नागरी वाहतूक त्याच्या एका भागातून चालते. गोव्यातील दाबोळी विमानतळ पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात उभा राहिला, डिसेंबर १९६१ च्या 'ऑपरेशन विजय'मध्ये त्यावर भारतीय हवाई दलाने बॉम्बफेक केली आणि मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला. अशा ठिकाणी छायाचित्रणबंदीमागील लष्करी कारण सहज समजते. सामानाच्या पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या तपासणी-टेबलापाशी मात्र तेच कारण पुरेसे ठरत नाही.

सीमाशुल्क क्षेत्र : मालावरील नियंत्रण आणि पंचांची साक्ष :

भारतातील आधुनिक सीमाशुल्क व्यवस्थेचा पाया सागरी जकात कायदा, १८७८ याने घातला. तो बंदरांसाठी होता. भूसीमेसाठी १९२४ चा स्वतंत्र कायदा झाला. हे कायदे व विमानमार्गाने येणाऱ्या मालाविषयीच्या तरतुदी एकत्र करून सीमाशुल्क अधिनियम, १९६२ अस्तित्वात आला. त्याच्या कलम ८ नुसार सीमाशुल्क क्षेत्राच्या मर्यादा ठरवून देण्याचा अधिकार त्या खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यास मिळाला. कलम १४१ ने या क्षेत्रातील सर्व वाहने आणि माल सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आणला.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. कलम १४१ चे हे नियंत्रण 'वाहने आणि माल' यांवर आहे. माणसांच्या बाबतीत अधिनियम अधिक सावध आहे. प्रवाशाची अंगझडती कलम १०० खाली घेता येते, परंतु त्यासाठी अधिकाऱ्याजवळ तसे मानण्यास कारण असावे लागते. कलम १०२ नुसार प्रवाशाने मागणी केल्यास त्याला जवळच्या राजपत्रित सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर विनाविलंब न्यावे लागते, झडती दोन किंवा अधिक साक्षीदारांसमक्ष घ्यावी लागते, जप्त वस्तूंची यादी करून तिच्यावर सह्या घ्याव्या लागतात आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते.

म्हणजेच १९६२ च्या कायदेकर्त्यांनी झडतीच्या न्याय्यतेची हमी पंचांचे डोळे आणि पंचनाम्याचा कागद या दोन साधनांवर सोपविली. त्या काळी दुसरे साधन नव्हते. कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी यांचा नामोल्लेख करून प्रवाशाला मनाई करणारे कलम या अधिनियमात नव्हते आणि नंतरच्या अनेक दुरुस्त्यांतही ते आले नाही. फलकावरील मनाईला विमान नियमांचा आणि क्षेत्रावरील प्रशासकीय अधिकाराचा आधार सांगता येतो; सीमाशुल्क अधिनियमाचा थेट आधार सांगता येत नाही.

भ्रमणध्वनीचे आगमन आणि बदललेले कारण :

१९६० ते १९९० या कालखंडात मुंबई हे सोन्याच्या तस्करीचे प्रमुख केंद्र होते. सुवर्ण नियंत्रण अधिनियम, १९६८ आणि 'कोफेपोसा' या नावाने ओळखला जाणारा १९७४ चा स्थानबद्धतेचा कायदा हे त्या काळाचे अपत्य होय. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण अधिनियम रद्द झाला, १९९२ पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून सोने आणण्याची मुभा मिळाली आणि तस्करीचे आकर्षण ओसरले. याच दशकात, ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. पुढील दशकात भ्रमणध्वनीतच कॅमेरा आला आणि प्रत्येक प्रवासी छायाचित्रकार बनला.

२०१२-१३ मध्ये सोन्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढून ऑगस्ट २०१३ मध्ये १० टक्क्यांवर गेले. जुलै २०२२ मध्ये उपकरासह ते १५ टक्के झाले आणि जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आणले गेले. शुल्क चढे असताना विमानतळावरील तस्करीला पुन्हा जोर आला. सीमाशुल्क क्षेत्रातील भ्रमणध्वनीबंदीचे खरे कारण या संदर्भात दिसते. विमानातून उतरलेला वाहक आणि बाहेर थांबलेला किंवा आतच कामाला असलेला साथीदार यांच्यात संकेत जाऊ नयेत, तपासणीची पद्धत व कोणत्या टेबलावर कोण अधिकारी आहे हे उघड होऊ नये, ही प्रशासनाची गरज अवाजवी म्हणता येत नाही. दुसरे कारण प्रवाशांच्या खासगीपणाचे आहे. उघडलेल्या पेटीतील कपडे, औषधे, दागिने ही कोणाच्याही छायाचित्राचा विषय व्हावीत असे नाही. तिसरे कारण अधिकाऱ्यांच्या सुरक्षिततेचे आहे. तस्करांच्या टोळ्यांना चेहरे ओळखता येणे हे त्यांच्यासाठी धोक्याचे असते.

ही तिन्ही कारणे रास्त आहेत; पण यांतील एकही कारण १९३७ च्या नियमकर्त्यांपुढे नव्हते. जुन्या नियमाच्या कवचाखाली नवे हेतू आले आणि त्यामुळे त्यांची स्वतंत्र चर्चा झाली नाही.

विमान नियमांचा अंमल मात्र काळानुसार सैल झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ९ डिसेंबर २००४ च्या परिपत्रकाने नियमित सेवेच्या विमानातील प्रवाशांना उड्डाणात छायाचित्रे व चित्रफिती घेण्यास परवानगी दिली. सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात प्रसारमाध्यमांच्या प्रतिनिधींनी गोंधळ केल्यानंतर महासंचालनालयाने कडक इशारा दिला, पण दुसऱ्याच दिवशी २००४ ची सवलत कायम असल्याचेही स्पष्ट केले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबरच्या संघर्षानंतर संरक्षण दलांच्या तळांवर उतरणाऱ्या विमानांत खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याचा व छायाचित्रण न करण्याचा आदेश निघाला. याचा अर्थ असा की, मूळ लष्करी कारण असेल तेथे नियम कडक होतो आणि नसेल तेथे सैल होतो. सीमाशुल्क क्षेत्रापुरती अशी फेरतपासणी झालेली दिसत नाही.

इतर देशांतील मार्ग :

ऑस्ट्रेलियाने या प्रश्नाची उकल कायद्यातच केली. तेथील सीमाशुल्क अधिनियम, १९०१ मध्ये पुढे समाविष्ट झालेल्या कलम २३४एए नुसार प्रवाशांची चौकशी व सामानाची तपासणी यांसाठी ठराविक जागा राखून तेथे फलक लावता येतात. कलम २३४एबी नुसार अशा फलकाच्या क्षेत्रात परवानगीविना कॅमेरा, ध्वनिमुद्रक वा इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधन वापरणे हा दंडनीय अपराध ठरतो. तेथील नियम कडक आहे. तथापि जागा कोणती, अपराध कोणता आणि परवानगी कोणाची, हे प्रवाशाला कायद्यातच वाचता येते.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. मेक्सिको सीमेवरील प्रवेशनाक्यांची बाहेरून छायाचित्रे घेणाऱ्या दोन नागरिकांना अडविण्यात आल्यावरून झालेल्या दाव्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये असे ठरविले की, सुरक्षेचे कारण केवळ सांगून चालणार नाही, शासनाने ते सिद्ध करावे लागेल. २०२० मध्ये तडजोड होऊन भूसीमेवरील नाक्यांच्या सार्वजनिक, खुल्या भागातून छायाचित्रे घेण्यास आडकाठी न करण्याचे मान्य झाले. तपासणी-कक्षाच्या आतील बंदीला या तडजोडीने हात लावलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

शासनाचा कॅमेरा आणि नागरिकाचा कॅमेरा :

भारतीय न्यायव्यवहारात याच काळात कॅमेऱ्याचे स्थान पालटले. सीमाशुल्क अधिकारी हा पोलीस अधिकारी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमेशचंद्र मेहता खटल्यात ठरविले. त्यामुळे कलम १०८ खाली त्याच्यासमोर दिलेला जबाब पुराव्यात ग्राह्य धरला जाऊ लागला. जबाबाला इतके वजन आल्यावर तो कोणत्या परिस्थितीत दिला गेला हा प्रश्न साहजिकच महत्त्वाचा ठरतो. १९९२ मध्ये पूलपांडी प्रकरणात चौकशीच्या वेळी वकील हजर ठेवण्याचा हक्क नाकारला गेला. २०१२ मध्ये विजय सजनानी प्रकरणात वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर बसू देण्यात आले. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांबरोबरच महसूल गुप्तचर संचालनालयासारख्या यंत्रणांच्या कार्यालयांतही ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अगरवाल निर्णयात सीमाशुल्क अधिकारी पोलीस नसले तरी अटकेसंबंधीची संरक्षणे त्यांनाही पाळावी लागतील, असे सांगण्यात आले.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ तर याहून बोलके आहे. झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य मुद्रण करावे, आणि तेही शक्यतो भ्रमणध्वनीने, असे ते सांगते. हे कलम फौजदारी प्रक्रियेतील झडतीसाठी आहे. विमानतळावरील प्रवाशाच्या अंगझडतीचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. तरीही ज्या साधनाला फलक मज्जाव करतो, तेच साधन विश्वासार्ह साक्षीदार म्हणून कायद्याने स्वीकारले, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

ती कोणाला जाचक ठरते, हेही पाहिले पाहिजे. कोकणातील रत्नागिरी-रायगडमधून आखातात गेलेला कामगार दोन-तीन वर्षांनी घरी परततो, तेव्हा त्याच्या पेटीत बहिणीच्या लग्नाचे दागिने असू शकतात. मध्यरात्री उतरलेल्या अशा प्रवाशाला टेबलापाशी थांबविले गेले, तर पंच म्हणून त्याच परिसरात वावरणारी माणसे मिळण्याचा संभव अधिक. काय बोलले गेले, किती सोने मोजले गेले, पावती कधी मिळाली, यांविषयी पुढे वाद झाल्यास त्याच्या हाती स्वतःचा शब्द आणि पंचनाम्याची प्रत यांपलीकडे काही नसते. प्रामाणिक अधिकाऱ्याचीही स्थिती वेगळी नाही. खोट्या आरोपाला उत्तर देण्यास त्याच्यापाशीही तोच कागद असतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विमानतळावरील छायाचित्रणबंदी ही महायुद्धकालीन लष्करी गुप्ततेची देणगी असून सीमाशुल्क व्यवस्थेशी तिचा मूळ संबंध नाही. दुसरा, भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर तस्करी प्रतिबंध, खासगीपणा व अधिकाऱ्यांची सुरक्षितता ही नवी व रास्त कारणे पुढे आली. परंतु सीमाशुल्क अधिनियमात त्यांना स्पष्ट शब्दरूप मिळालेले नाही. तिसरा, बंदी उठविणे हा यावरील उपाय ठरत नाही, कारण उघडलेल्या पेटीपुढे शंभर कॅमेरे रोखले जाणे प्रवाशाच्याही हिताचे नाही. जागा, अपराध व परवानगी कायद्यात लिहून काढणे आणि प्रवाशाचा कॅमेरा बंद करताना शासनाचा कॅमेरा चालू ठेवून त्याचे मुद्रण वादाच्या प्रसंगी प्रवाशालाही मिळेल अशी तरतूद करणे, हा इतिहासातून सूचित होणारा मार्ग आहे.

१९६२ च्या कायदेकर्त्यांनी झडतीच्या वेळी दोन पंच उभे केले, ते सत्ता आणि एकटा माणूस समोरासमोर असताना तिसरे कोणीतरी पाहणारे असावे म्हणून. साधने बदलली तरी ते तत्त्व जुने झालेले नाही.