‘कोंडुरा’चें पुनर्वाचन

अद्भुताचा नाद मराठी कादंबरीस तिच्या बाल्यापासूनच लागलेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि पुढें कित्येक वर्षें त्याच वळणाच्या कथांचा सुकाळ राहिला. इंग्लंडांत हा मार्ग होरेस वॉल्पोल यानें १७६४ सालींच ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहून मोकळा केला होता. या दोन्ही परंपरांतलें अद्भुत बहुधा दूरदेशींचें. पुस्तक मिटलें कीं भयही मिटतें.

चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीची गोष्ट निराळी. १९३० सालीं जन्मलेले खानोलकर हे वेंगुर्ल्याकडचे, आणि कोंडुरा हेंही त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावरचें खरें ठिकाण. हा मुलूख त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला. येथें भय परदेशच्या गढींतून येत नाहीं. तें गांवच्याच समुद्रांतून वर येतें.

कथेंतील परशुरामतात्यास त्या अज्ञात शक्तीकडून गर्भ पाडणारी मुळी मिळते. बदल्यांत ब्रह्मचर्याचें व्रत पाळावें लागतें. प्रथम वाचतांना आपण विचारतों, ही शक्ति खरी कीं भास? पुन्हां वाचतांना हा प्रश्न मागें पडतो. आपण ईश्वराचें हत्यार आहों अशी खात्री पटलेला मनुष्य काय करील, हाच खरा प्रश्न उरतो.

या प्रश्नास तत्कालीन इतिहासाची जोड आहे. १९६६ सालीं आपल्या देशांत स्त्रीचा जीव वाचविण्यावांचून अन्य कारणासाठीं गर्भपात करणें हा गुन्हा होता. शांतिलाल शहा समितीचा अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सादर झाला. कायदा व्हावयास १९७१ साल उजाडलें. कायदा जेथें वाट देत नाहीं, तेथें मुळी हातीं असणारा मनुष्य न्यायाधीश होऊन बसतो. आणि जिच्या देहावर निवाडा चालावयाचा, तिला विचारण्याची गरज त्यास वाटत नाहीं.

श्याम बेनेगल यांनीं १९७८ सालीं या कथेवर हिंदी व तेलुगु या दोन्ही भाषांत चित्रपट काढला. भाषा पालटली, भय पालटलें नाहीं. तें कोंडुऱ्याच्या खडकांपुरतें असतें तर कोकणाबाहेर टिकतें ना. तें वसतें स्वतःविषयीं कधींच शंका न घेणाऱ्या मनांत. आणि अशीं मनें कोणत्या गांवीं नाहींत?