लग्नगडी : एक शब्द आणि एक दास्यपद्धती

दास्याच्या आधुनिक इतिहासात दोन सालांचा उल्लेख नेहमी केला जातो. १८४३ च्या पाचव्या कायद्याने, हिंदुस्थानातील कंपनी सरकारच्या न्यायालयांनी माणसावरील मालकीचा हक्क ग्राह्य धरू नये, असे ठरविले. १८६५ साली, चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि तेथील गुलामगिरी संपुष्टात आली. ह्या दोन सालांनंतर दास्याचा प्रश्न निकालात निघाला, अशी सामान्य समजूत असते. तथापि १९४५ सालापर्यंत, मुंबईहून आगगाडीने तीनचार तासांच्या अंतरावर, डहाणूच्या व आजच्या तलासरीच्या जंगलपट्टीत, ज्यांचे श्रम आजन्म दुसऱ्याच्या मालकीचे होते अशी माणसे राहत होती. त्यांना कोणी गुलाम म्हणत नसे. त्यांना लग्नगडी म्हणत. दास्य कायद्याने नष्ट झाल्यावरही येथे ते कसे टिकले, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग ह्या नावातच सापडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्या काळाचा येथे विचार करावयाचा आहे त्या काळी हा भाग ठाणे जिल्ह्याच्या डहाणू व उंबरगाव ह्या तालुक्यांत मोडत होता. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी महाल बनला. २०१४ च्या १ ऑगस्टपासून डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. येथील बहुसंख्य वस्ती वारल्यांची असून त्यांच्या जोडीला कोकणा, दुबळा, धोडिया, काथोडी इत्यादी जमाती आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या भागात तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. जमिनीची मोजणी होऊन रोख सारा बसविण्यात आला. १८६४ साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईस येऊन मिळाला व डहाणूचे लाकूड आणि गवत मुंबईच्या बाजारात सहज पोहोचू लागले. १८७८ साली जंगलाचा नवा कायदा व मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा असे दोन्ही कायदे झाले. ज्या वारल्याला तोवर पैशाची फारशी गरज नव्हती, त्याला आता साऱ्यासाठी रोख रक्कम हवी होती. ज्या रानातून तो लाकूडफाटा आणीत होता त्यावर सरकारी पहारा बसला. आणि जी जमीन पूर्वी कोणी मागत नव्हते, तिच्यावरील गवताला भाव आला. अक्षरओळख नसलेल्या माणसाची जमीन कर्जापोटी सावकाराच्या नावे चढावयास अशा परिस्थितीत फार वेळ लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक वारली आपल्याच पूर्वजांनी मोडलेल्या जमिनीवर कुळे होऊन राहिले होते.

कूळ झालेल्या वारल्यावर तीन बंधने पडली. एक खंडाचे. दुसरे खावटीचे : पावसाळ्यात पोटासाठी उसने घेतलेले धान्य सुगीला दीडपट किंवा त्याहून अधिक करून फेडावयाचे. तिसरे वेठीचे : जमीनदार बोलावील तेव्हा त्याच्या शेतावर, त्याच्या घरी वा त्याच्या जंगलात विनामोबदला राबावयाचे. स्वतःच्या शेताची लावणी खोळंबली तरी धन्याची आधी उरकावी लागे. न आल्यास मारहाण ठरलेली असे. स्त्रियांची अब्रूही सुरक्षित नव्हती.

ह्यांपैकी वेठ हा शब्द फार जुना आहे. संस्कृत 'विष्टि' शब्दाचे ते मराठी रूप होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीचा विचार केलेला आहे. इ. स. १५० च्या सुमारास गिरनारच्या शिलालेखात, प्रजेला कर व विष्टी ह्यांचा त्रास न देता आपण तलावाचा बांध पुन्हा बांधला, असे क्षत्रप रुद्रदामा अभिमानाने सांगतो. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला विष्टीपासून सूट दिल्याचे आढळते. तेलुगू मुलखातील 'वेट्टी' हे ह्याच शब्दाचे भावंड. अर्थात वेठ ही मूळची राजसत्तेने घेतलेली सेवा होती. डहाणूत ती खाजगी जमीनदार घेऊ लागला होता. शब्द तोच राहिला आणि घेणारा बदलला. जुन्या शब्दाच्या आड नवा अन्याय रूढीसारखा दिसू लागतो, त्याचे हे एक उदाहरण.

लग्नगडी हा शब्द ह्याहून वेगळ्या प्रकारचा आहे. वारल्यांच्या लग्नात वधूसाठी द्यावयाचे देज, तांदूळ, दारू व सगळ्या पाड्याचे जेवण एवढा खर्च असे. तो न झेपल्यामुळे जोडपी वर्षानुवर्षे विधीवाचून एकत्र राहत आणि धवळेरीने विधिपूर्वक लग्न लावावयाचा योग पुष्कळदा मुलेबाळे झाल्यावर येई. ह्या खर्चासाठी जो तरुण जमीनदाराकडून पैसे घेई, तो ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबावयाचे कबूल करी. त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबे. मजुरी म्हणून मिळे ते बहुधा पोटापुरते अन्न आणि अंगावरचे वस्त्र; त्यामुळे मूळ कर्ज फिटण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. हिशेब धन्याच्या वहीत आणि वही धन्याच्या हातात.

मराठीत 'गडी' ह्या शब्दाला हीनतेचा वास नाही. सवंगडी, खेळगडी हे शब्द बरोबरीचे आहेत. घरगडी व सालगडी हे चाकरीचे असले तरी त्यांत आपलेपणाची छटा आहे. सालगडी आणि लग्नगडी हे दोन्ही मध्यमपदलोपी समास होत. परंतु त्यांच्या पूर्वपदांत एक महत्त्वाचा भेद आहे. 'साल' हे मुदत दाखविते : गुढीपाडव्यापासून किंवा अक्षय्यतृतीयेपासून वर्ष मोजावे आणि वर्ष संपले की गडी मोकळा. 'लग्न' हे मुदत दाखवीत नाही, केवळ निमित्त दाखविते. बंधन कशापासून सुरू झाले हे ह्या शब्दात आहे. ते केव्हा संपावयाचे हे त्यात नाही. ते त्या पद्धतीतही नव्हते.

शेजारच्या दक्षिण गुजरातेत दुबळा जमातीत अशीच प्रथा होती व तिचाही आरंभ बहुधा लग्नाच्या कर्जानेच होई. परंतु तेथील माणसाला नांगरावरून 'हाली' म्हणत. म्हणजे तेथे नाव कामावरून पडले, येथे मंगलकार्यावरून. इंग्रज अंमलदार 'स्लेव्ह' शोधीत होता. हा शब्द मुळात स्लाव्ह लोकांच्या नावावरून आलेला, आणि त्यामागे रणात किंवा बाजारात मिळविलेला परका माणूस उभा. मराठी वाचकाच्या मनात 'गुलाम' म्हटले की तेच चित्र उभे राहते. लग्नगड्याला कोणी बाजारात विकला नव्हता. त्याने स्वतः हात पसरून पैसे घेतले होते. तेव्हा १८४३ च्या कायद्याला येथे दास्य दिसले नाही; दिसला तो एक ऋणको आणि एक धनको. उलट १८५९ च्या तेराव्या कायद्याने, आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कामगारास शिक्षा करण्याची तरतूद करून ठेविली होती. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. अमेरिकेतही यादवी युद्धानंतर कर्जाच्या निमित्ताने सक्तीची मजुरी चालू राहिली आणि १८६७ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. माणसावरील मालकी रद्द करणे आणि माणसाच्या श्रमावरील मालकी रद्द करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ह्या दोन्ही देशांच्या अनुभवावरून दिसते.

ह्या पद्धतीकडे सरकारचे लक्ष गेले ते बाळासाहेब खेर ह्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर केलेला अहवाल १९३९ साली तयार झाला. त्यात वेठ, लग्नगडी व जमीनदारांचे अत्याचार ह्यांचे स्पष्ट वर्णन आहे. परंतु त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले, प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अहवालावर कार्यवाही करावयास लोकनियुक्त मंत्रिमंडळच उरले नाही. युद्धाचा डहाणूवर झालेला हा पहिला परिणाम होय. दुसरा परिणाम बाजारातून आला. युद्धकाळात धान्य, लाकूड व गवत ह्यांचे भाव चढले. जमीनदार व ठेकेदार ह्यांचा नफा वाढला. वारल्याची वेठ मात्र फुकटच राहिली आणि खावटीचे धान्य महाग झाले.

तिसरा परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. भारत सेवक समाजातून कम्युनिस्ट पक्षात गेलेले शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० साली तुरुंगात गेले होते. सुटकेनंतर त्यांनी ठाणे जिल्ह्यात किसान सभेचे काम हाती घेतले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे भरलेल्या किसान परिषदेला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले. त्यांच्यात माह्या धांगडा होते. त्यांनी आपली स्थिती तेथे सांगितली आणि परुळेकरांना आपल्या मुलखात बोलाविले.

१९४५ च्या २३ मे रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. हजारो वारली आले. तेथे ठरले ते थोडक्यात असे : वेठ करावयाची नाही, जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम केल्यास रोज बारा आणे रोख घ्यावयाचे, त्याने हात उगारल्यास सर्वांनी मिळून प्रतिकार करावयाचा, आणि एकी मोडावयाची नाही. ह्यानंतर काही आठवड्यांतच वारल्यांचे जथे लाल झेंडा घेऊन पाड्यापाड्यांतून फिरले आणि जमीनदारांच्या घरून लग्नगड्यांना बाहेर काढून आणले. ह्या घटनेत कायदा कोठेही नव्हता, न्यायालय नव्हते, दस्तऐवज रद्द झालेला नव्हता. धन्याच्या वहीतील आकडे होते तसेच होते. कर्ज अजून आहे किंवा नाही हा प्रश्न वारल्यांनी विचारलाच नाही. हा माणूस येथे का, एवढेच विचारले. जे दास्य शंभर वर्षे कर्ज ह्या नावाखाली सुरक्षित राहिले होते, ते त्याचे नाव बदलताच कोसळले.

पुढील शरद ऋतूत गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये, अशी मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चार वारली ठार झाले. ह्याच महिन्यात, २४ तारखेस, संयुक्त राष्ट्रांची सनद अंमलात आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरीही चळवळ थांबली नाही. १९४६ साली जंगलकामगारांचा संप होऊन लाकूडव्यापाऱ्यांनी रोजी सव्वा रुपया मजुरी मान्य केली. गोदावरीबाईंनी ह्या काळाची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितली आहे. ती अर्थातच चळवळीच्या बाजूने सांगितलेली आहे. परंतु वेठ व लग्नगडी ह्यांच्यासंबंधी तिची व सिमिंग्टन ह्यांच्या सरकारी अहवालाची साक्ष मुळात जुळते, ही गोष्ट इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाची आहे.

कायदा ह्यामागून आला. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात 'बेगार' हा देशी शब्द जसाच्या तसा घेतला आहे. 'स्लेव्ह' हा शब्द पुरेसा नाही, ह्याची ती कबुलीच होय. १९५६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ऋणबंधनाची गणना दास्यसदृश प्रथांत केली. भारतात वेठबिगारनिर्मूलनाचा वटहुकूम १९७५ साली व कायदा १९७६ साली झाला. त्या कायद्याने भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय अशी एक गोष्ट केली : देशभरातील अशा प्रथांची नावे त्यात एकामागून एक दिली आहेत. हाली आहे, कमिया आहे, वेट्टी आहे. लग्नगडी मात्र त्या यादीत नाही. त्याचा कायदेशीर तोटा झाला असे नाही, कारण व्याख्या व्यापक आहे. आणि ज्या प्रथेचे ते नाव होते ती वारल्यांनी तीस वर्षांपूर्वीच मोडली होती. पण कायद्याच्या स्मरणात तिला जागा मिळाली नाही.

किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हेही सक्तीचे श्रम होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. येथे आजचा एक शब्द नोंदविणे इष्ट आहे. पालघर जिल्ह्यातील पुष्कळ आदिवासी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि त्यासाठी मालकाकडून आधीच पैसे घेतात. त्या पैशांना 'उचल' म्हणतात. शब्द साधा आहे, त्यात कोणावर सक्ती दिसत नाही. आणि प्रत्येक उचल म्हणजे दास्य, असेही म्हणता येणार नाही. परंतु हंगाम संपल्यावर उचल फिटली की नाही, हिशेब कोणाच्या वहीत आहे आणि न फिटल्यास माणूस दुसरीकडे जाऊ शकतो की नाही, हे तीन प्रश्न तेथे विचारले पाहिजेत. लग्नगड्याच्या बाबतीत ते शंभर वर्षे कोणी विचारले नाहीत.

'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार आज संपकऱ्यांच्या विरुद्ध वापरला जातो. संपामुळे जनता वेठीस धरली गेली, असे वृत्तपत्रे लिहितात. ज्यांनी १९४५ साली संप करून खरी वेठ मोडली, त्यांच्या नातवंडांच्या कानांवर हा शब्द आता ह्या अर्थाने पडतो. वेठ, खावटी, लग्नगडी ह्या शब्दांचे मूळ अर्थ डहाणू-तलासरीच्या वृद्धांच्या स्मरणात जेथे अद्याप असतील, तेथे जाऊन ते सप्रयोग टिपून घेण्याचे काम आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी अंगीकारावे. ते भाषेचे काम आहे, तितकेच इतिहासाचेही आहे, आणि त्याला फार अवधी उरलेला नाही.