चुन्याच्या घाणीची कुळकथा

जुन्या वाड्याचे बाह्यांग पूर्ववत् करणे म्हणजे त्याच्या दर्शनी भिंतीवर नवा गिलावा चढवून तिला रंग देणे, ही समजूत आपल्या नगरांत इतकी दृढमूल झाली आहे की, ज्या साधनावाचून हे कार्य यथार्थपणे सिद्धीस जाऊ शकत नाही त्या चुन्याच्या घाणीचे नावही कंत्राटाच्या कागदांत क्वचितच आढळते. जमिनीत बसविलेली वर्तुळाकार दगडी चर, मध्यभागी रोवलेला खुंट, त्याला जोडलेले आडवे लाकूड आणि बैलाने ओढावयाचे वजनदार दगडी चाक, एवढाच तिचा सरंजाम; परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील वाडे, गढ्या, घाट आणि देवळे ज्या बळावर शतकानुशतके उभी राहिली, ते बळ याच चरीत मळले गेले.

चुना आपल्याकडे प्राचीन काळापासून ज्ञात होता, तरी बांधकामात त्याचे प्राबल्य सार्वकालिक नव्हते. बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे यादवकालीन शिल्पपरंपरेतील मल्लिकार्जुनाचे देवालय आणि पुष्करिणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांच्या ध्यानी येईल की तेथील चिरे एकमेकांत खाचा पाडून आणि स्वतःच्या भारानेच स्थिर केलेले आहेत. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत सांधणाऱ्या द्रव्याची गरजच भासत नसे. पुढे बहमनी आणि तदनंतरच्या सुलतानी अमदानीत कमान आणि घुमट यांचा प्रसार झाला, लहान दगड व विटा रचून मोठे अवकाश झाकण्याची विद्या दख्खनेत रुजली, आणि अशा रचनेला चिकट, दृढ आणि किंचित लवचीक अशा चुन्यावाचून गत्यंतर उरले नाही. मोरगावच्या मयूरेश्वराच्या देवळाला भक्कम तट आणि चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत, ते याच मिश्र वास्तुविद्येचे अपत्य होय. देवळाला मिनार कसे, असा प्रश्न काहींना पडतो, पण गवंड्याच्या हाताने जे एकदा आत्मसात केले ते त्याने देवालाही अर्पण केले, यात मला विसंगती न दिसता औदार्यच दिसते.

या मुलखाचे भाग्य असे की चुना दुरून आणावा लागत नसे. काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे ओबडधोबड खडे विपुल सापडतात; ते वेचून, भट्टीत भाजून त्यांचा चुना करण्याचा व्यवसाय लोणारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालविला. या खड्यांत मातीचा अंश मिसळलेला असतो, आणि हा वरकरणी दोष वाटणारा अंशच त्यांचा मोठा गुण ठरतो. कारण अशा खड्यांचा चुना पाण्यातही घट्ट होतो. इंग्लंडात जॉन स्मीटन याने एडिस्टनच्या समुद्रवेढ्या दीपगृहासाठी 1756 च्या सुमारास प्रयोग करून हेच तत्त्व शोधले. आपल्या गवंड्यांनी ते शब्दबद्ध केले नसले तरी नीरा-भीमेच्या काठच्या बांधकामांत त्याचा उपयोग केला. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाल्यावर जलाशयात गेलेल्या जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ, पाणी ओसरले की आपले विटांचे शिखर घेऊन आजही उघडे पडते, यापेक्षा निराळी साक्ष कोणती हवी?

भाजलेला चुना पाण्यात विरवून, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून घाणीत मळला जाई. चाकाखाली न भाजलेले कण चिरडले जात, सुरखी चुन्याशी एकजीव होई, आणि मिश्रणाला जो मऊपणा येई तो फावड्याने कालवून येत नाही. हिरड्याचे पाणी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, तागाचे तंतू ही त्यातील पूरक द्रव्ये. कारागिरागणिक त्यांचे प्रमाण निराळे असे, कारण खड्यांची प्रतही गावागणिक निराळी असे. म्हणून एका वाड्याच्या चुन्याचे प्रमाण दुसऱ्यास जसेच्या तसे लावणे मला अशास्त्रीय वाटते. आधी त्याच भिंतीचा जुना तुकडा काढून त्यात काय आहे ते पारखले पाहिजे.

बारामतीस कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. 1740 मध्ये थोरल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेशवाईच्या वस्त्रांची आकांक्षा धरणारे हेच ते सावकार, आणि 1794 पर्यंत हयात असलेल्या कवी मोरोपंतांना आश्रय देणारे घराणेही त्यांचेच. पेशवाईतील अशा वास्तूंच्या भिंतींची घडण साधारणतः अशी: खाली काळा दगड, वर पातळ विटा, आणि या दोहोंना सांधणारा व झाकणारा चुना. ही भिंत श्वास घेते, म्हणजे जमिनीतून चढलेली ओल बाहेर सोडून देते. जोसेफ अस्पडिन याने 1824 साली ज्याचे पेटंट घेतले ते पोर्टलंड सिमेंट विसाव्या शतकात आपल्याकडे तयार होऊ लागले, ते लवकर आवळते आणि मळण्याचे श्रम वाचविते. तेव्हा घाण्या ओस पडल्या, आणि पुढे दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याच्या भिंतींवरही सिमेंटचे थर चढले.

या प्रदेशात तर हा प्रमाद विशेष घातक आहे. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला, कोरडवाहू परगण्यात ऊस आला, संपत्ती आली. परंतु अतिसिंचनाने काही जमिनी खारवट आणि चोपणही झाल्या. ओलीबरोबर क्षार भिंतीत चढतात. चुन्याच्या गिलाव्यातून ते पृष्ठभागावर येतात आणि झटकता येतात. सिमेंटच्या अभेद्य थरामागे मात्र ते कोंडून स्फटिकरूप धरतात, विटेला लोणा लागतो, तिचा भुगा होतो, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा गिलावा एके दिवशी विटेचा दर्शनी भाग घेऊनच खाली येतो.

जीर्ण वास्तू नवी न करता जपावी, हा विचार विल्यम मॉरिस याने 1877 मध्ये इंग्लंडात संस्थारूपाने मांडला, आणि सर जॉन मार्शल यांच्या 1923 च्या संवर्धन-नियमावलीने तो आपल्या पुरातत्त्व खात्यात स्थिर केला. आज जतनाच्या कामांवर घाणी पुन्हा फिरू लागली आहे, बैलाऐवजी बहुधा विजेच्या यंत्रावर. या बदलाने तिचे काही बिघडत नाही, चाकाचे वजन आणि मळण्याचा अवधी राखला म्हणजे झाले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांचे देहावसान ज्या इंदापुरी झाले असे परंपरा सांगते, तेथील गढीचा आणि तिच्यासारख्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे चुनादेखील बेताने, मातीशी जुळवून वापरावा लागतो; सिमेंटचा कठीण पापुद्रा मातीच्या भिंतीला धरूनच राहू शकत नाही. शिवाय चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश दगड होतो आणि तोवर त्यास ओल हवी असते, म्हणून चैत्र-वैशाखाच्या झळांत त्यावर ओले बारदान बांधून ठेवावे लागते. इंदापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हे काम पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात सुरू करणे सोयीचे. निविदा मात्र आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निघाली तर कामही तेव्हाच उरकले जाते. ही कालगणना कचेरीने ऋतूप्रमाणे बदलावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.