पाण्याखालचे छिद्र

युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर जुनी क्रूझर, म्हणजे आत निजण्याबसण्याची सोय असलेली मोटरबोट, विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. इंजिन 'इनबोर्ड' असावे की 'स्टर्नड्राइव्ह'? समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटेल. परंतु त्याच्या पोटात सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तो जाणून घेतल्यावाचून केलेला सौदा पुष्कळदा अंगलट येतो. म्हणून दलालाच्या पद्धतीने गुणदोषांची यादी न वाचता या प्रश्नाचा उगम शोधावा, असे आम्हांला वाटते.

आधी शब्दांचे अर्थ. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचीत जे बसले असतील त्यांनी इंजिनाची घरघर पायांखालून येताना ऐकली असेल. तेथे इंजिन बोटीच्या पोटात असते, त्यातून एक लांब दांडा तिरका खाली उतरतो, तळातून आरपार बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाशी पंखा फिरतो. दिशा देण्यास पंख्यामागे सुकाणू असते. हे झाले इनबोर्ड. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आतच, पण अगदी मागच्या भिंतीला टेकलेले असते. त्याची शक्ती त्या भिंतीतून बाहेर येते आणि बाहेर लोंबणाऱ्या एका पायातून, दोनदा काटकोनात वळून, पंख्यापर्यंत पोहोचते. हा पाय डावीउजवीकडे वळतो, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही; आणि तो वर उचलताही येतो.

आता इतिहासाकडे वळू. आगबोटींच्या आरंभीच्या काळात बाजूला मोठमोठी चाके असत. त्या चाकांचा आस पाण्याच्या वर असे. चाके बोजड होती, लाटांत डळमळत, तोफेच्या गोळ्याला सहज सापडत. पण त्यांच्यासाठी जहाजाला पाण्याखाली भोक पाडावे लागत नसे. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी इंग्लंडात स्वतंत्रपणे पंख्याची पेटंटे घेतली. १८४५ साली ब्रिटिश आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' यांना पाठीला पाठ लावून बांधले व दोघींना विरुद्ध दिशांना ओढावयास लावले. रॅटलरने अलेक्टोला फरफटत नेले. पंखा जिंकला, पण त्याच्याबरोबर पाण्याखालचे छिद्र जहाजात कायमचे आले.

त्या छिद्राने किती छळले, हे आज कोणाच्या ध्यानी नसते. दांडा ज्या धातूच्या बेअरिंगमध्ये फिरे ते भराभर झिजे, दांडा डगडगू लागे आणि पाणी आत घुसे. १८५५ च्या अखेरीस 'रॉयल अल्बर्ट' या ब्रिटिश युद्धनौकेत अशाच जागेतून इतके पाणी शिरले की एजियन समुद्रातील झिया बेटाच्या किनाऱ्यावर तिला मुद्दाम रुतवावे लागले. शत्रूने न केलेले काम एका झिजलेल्या बेअरिंगने केले! यावरचा उपाय ग्रिनिचच्या जॉन पेन यांनी १८५४ सालीच पेटंट केला होता. त्यांनी धातूऐवजी लिग्नम व्हायटी या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्यामध्ये खाचा ठेवल्या. त्या खाचांतून समुद्राचेच पाणी वाहून वंगणाचे काम करी. पाण्याला अडवण्याऐवजी त्यालाच कामाला लावले, ही पेन यांची खरी हुशारी होय. आजच्या इनबोर्ड बोटीत लाकडाच्या जागी बहुधा रबराचे अस्तर असते आणि आतल्या बाजूस ग्लँड असते. पण तत्त्व पेन यांचेच.

पुढे इंजिने लहान झाली. १८८६ साली गोटलीब डाइमलर यांनी नेकार नदीत पेट्रोल इंजिनाची बोट चालवली. १९०९ साली अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी आउटबोर्ड मोटर विक्रीस आणली. सबंध यंत्रच बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायचे, तेव्हा तळाला भोक पाडण्याचा प्रश्नच मिटला. पण त्या काळच्या आउटबोर्डची ताकद थोडी, पेट्रोलची भूक मोठी. जड क्रूझरला ती पुरेना.

मग दोहोंचा संगम का करू नये? जिम विन हा अमेरिकन इंजिनिअर मर्क्युरी या आउटबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत काम केलेला. १९५८ साली त्याने आउटबोर्डच्या लहानशा बोटीतून अटलांटिक ओलांडला होता. त्याची कल्पना स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने उचलली आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात 'ॲक्वामॅटिक' मांडले: ८० अश्वशक्तीचे मोटारीच्या घराण्यातले इंजिन आत, आणि वळणारा, उचलला जाणारा पाय बाहेर. १९६१ साली मर्क्युरीनेही 'मरक्रूझर' आणले. इंजिन मागे सरकल्यामुळे मधली जागा खोलीसाठी मोकळी झाली. पंख्याचा रेटा तिरका न राहता सरळ मागे जाऊ लागला, म्हणून तेवढ्याच इंधनात वेग वाढला. उथळ पाण्यात पाय उचलावा आणि पुढे जावे. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी क्रूझर या शोधामुळे घडली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु छिद्र गेले काय? नाही. ते तळातून मागच्या भिंतीत गेले, एवढेच. तेथे शक्तीचा सांधा वळता-उचलता राहावा म्हणून त्याभोवती रबरी भाता बसवावा लागतो, आणि हा भाता पाण्याच्या पातळीखाली असतो. रबर उन्हाने, वयाने, दुमडण्याने चिरते. इनबोर्डची ग्लँड बिघडली तर बहुधा आधी थेंब-थेंब गळून सूचना देते आणि आवळता येते. भाता फाटला तर मालक घरी झोपलेला असताना बोट धक्क्याशीच बुडू शकते.

दुसरी गोष्ट धातूची. स्टर्नड्राइव्हचा पाय सहसा ॲल्युमिनियमचा असतो, आणि खाऱ्या पाण्यात इतर धातूंच्या शेजारी तो खाल्ला जातो. त्याच्यावर जस्ताचे वगैरे तुकडे बसवतात, ते आधी झिजतात आणि पायाला वाचवतात. ही युक्तीही जुनीच. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी युद्धनौकांच्या तांब्याच्या तळाला लोखंड व जस्ताचे तुकडे लावून तांबे वाचवून दाखवले. मौज अशी की तांबे झिजेनासे झाल्यावर तळावर शिंपले वाढू लागले आणि जहाजे मंदावली! एक दुखणे बरे केले की दुसरे उपटते, हा यंत्रांचा नियमच दिसतो.

तेव्हा निवड कशी करावी? आमच्या मते इंजिनाच्या जातीपेक्षा बोटीचा पूर्वेतिहास आधी विचारावा. गोड्या पाण्याच्या सरोवरात वापरलेली, काम होताच गाडीवर चढवून कोरडी ठेवलेली, वेगाने फिरण्यासाठी घ्यावयाची हलकी बोट असेल, तर स्टर्नड्राइव्हचे सगळे फायदे पदरात पडतात. मात्र भाते कधी बदलले याची पावती पाहावी, आणि पाय वर उचलून प्रत्येक घडी तपासावी. बोट बारमाही खाऱ्या पाण्यात उभी राहणार असेल, सावकाश व लांब जायचे असेल, तर इनबोर्डचा साधा दांडा बरा. त्याला जागा जास्त लागते, पाणी खोल लागते, एकाच इंजिनाची बोट मागे घेताना हट्ट करते; पण त्याचे बहुतेक दोष आतून दिसतात आणि हाताने दुरुस्त होतात. पेट्रोलचे इंजिन असेल तर, जात कोणतीही असो, सुरू करण्यापूर्वी पंख्याने इंजिनखोलीतील वाफ बाहेर काढण्याची शिस्त पाळलीच पाहिजे. तेथे ठिणगीला क्षमा नाही.

१९५९ च्या प्रदर्शनात नवी बोट घेणाऱ्याने वेग, जागा आणि ऐट विकत घेतली. रबराचे म्हातारपण मात्र त्याच्या वाट्याला आले नाही; ते पुढच्या मालकाकडे गेले. जुने यंत्र घेणे म्हणजे शोधकाने पुढे ढकललेले काम आपल्या अंगावर घेणे होय. पाण्याखालचे छिद्र कोणीच नाहीसे केले नाही. ते कोठे ठेवावे, एवढेच प्रत्येक पिढीने ठरवले. आपल्या बोटीत ते कोठे आहे आणि शेवटी त्याच्याकडे कोणी केव्हा पाहिले, हे ज्याला ठाऊक आहे त्याने दोहोंपैकी कोणतेही इंजिन खुशाल घ्यावे.